हातानं रंगवलेल्या जुन्या छापील चित्रावरून व्हेनिसचा पोशाख शिवायचाय. त्यातल्या रंगांवर कितपत विसंबू?

मृणाल_सांगली

नमस्कार मंडळी,

मी हौशी नाटकांचे कपडे शिवते. यंदा आमच्या ग्रुपनं बसवायला घेतलेलं नाटक व्हेनिसमध्ये घडतं, काळ साधारण 1590. बायकांची पात्रं तीन: एका श्रीमंत व्यापाऱ्याची बायको, तिची लग्नाची मुलगी आणि विधवा नणंद. अशा नाटकांना आपल्याकडे बहुतेक वेळा भाड्याच्या दुकानातला चमकीचा घोळदार गाऊन आणतात आणि वर मुकुट चढवतात. या वेळी मला ते करायचं नाही. बघणाऱ्याला या तिघी त्या गावातल्या, त्या काळातल्या वाटल्या पाहिजेत.

दिग्दर्शकांनी आधाराला एक चित्र दिलंय. त्यांच्या वडिलांनी मुंबईत जुन्या पुस्तकवाल्याकडून घेतलेलं. वहीच्या पानाएवढा जाडसर कागद, चित्राभोवती चौकोनी दबलेली खूण. मधोमध एक बाई उभी. गाऊन फिका जांभळा, बाह्या पिवळ्या आणि त्यांना उभ्या फटी पाडलेल्या, फटींतून पांढरं कापड फुगून बाहेर आलेलं. मानेमागे लेसची कॉलर पंख्यासारखी ताठ उभी. केस कपाळावर दोन शिंगांसारखे वर वळवलेले. हातात पिसांचा पंखा. चोळीला पुढून दोरीनं आवळलंय आणि ती खाली टोकदार उतरते, पार ओटीपोटापर्यंत. खाली फ्रेंचमध्ये व्हेनिस आणि सोळावं शतक एवढं वाचता येतं, शिवाय बारीक अक्षरात ‘पोके’ असं नाव. रंग नक्की हातानं दिलेत, कारण डाव्या बाहीवर पिवळा रंग रेघ ओलांडून बाहेर गेलाय. कागदावर तपकिरी ठिपके आहेत.

आमच्यातले काही जण म्हणतात हे चित्र चारशे वर्षांपूर्वीचं आहे, तेव्हा रंगासकट जसंच्या तसं शिव. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही. हे खरंच त्या काळातलं असेल का? रंग धरू की सोडू? आणि आत काय घालायच्या या बायका? बाही चोळीला शिवलेली असायची का?

शुभदा_पुणे

मृणाल, तुझी शंका बरोबर आहे. मी बरीच वर्षं मुद्राचित्रण शिकवलंय आणि जुनी छापील चित्रं हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पोके हे नाव दिसलं की काळ कळतोच. पोके बंधूंनी 1860 च्या दशकात पॅरिसमध्ये ऐतिहासिक वेशभूषांची एक मोठी मालिका काढली. चित्रं धातूच्या पत्र्यावर कोरलेली आणि प्रत्येक प्रत हातानं रंगवलेली. तू सांगतेस ती चौकोनी दबलेली खूण पत्र्याच्या कडेची आहे, छापताना ओला कागद पत्र्यावर दाबला जातो तेव्हा उमटते. भिंग घेऊन चेहरा बघ. गालावरची सावली अतिशय बारीक रेघांनी आणि ठिपक्यांनी घडवलेली असेल. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये वेशभूषेचं जे सर्वांत मोठं पुस्तक निघालं ते लाकडी ठशांचं होतं. त्या ठशांत रेघ जाड, ठाम आणि मोजकी असते.

म्हणजे हे चित्र तीनशे वर्षांनंतरचं. पण म्हणून टाकाऊ नाही. पोके बंधूंनी आपल्या मालिकेच्या नावातच सांगून ठेवलंय की प्रत्येक काळातल्या उत्तम चित्रकारांवरून आणि अस्सल कागदपत्रांवरून ही चित्रं काढली आहेत. शिंगांसारखे केस, टोकदार चोळी, मानेमागची कॉलर हे सगळं व्हेनिसच्या 1590 च्या आसपासच्या चित्रांत जसंच्या तसं सापडतं. तेव्हा आकार बिनधास्त घे. रंगाचं मात्र तसं नाही.

काळ्या रेघा पत्र्यातून आल्या, त्या सगळ्या प्रतींत सारख्याच. रंग नंतर कारखान्यात चढला. पॅरिसमध्ये हे काम मुख्यतः बायका करत. समोर एक नमुना ठेवलेला, एकीनं सगळ्या प्रतींवर पिवळा द्यायचा, दुसरीनं निळा, तिसरीनं गालांवर गुलाबी. रेघेबाहेर गेलेला तुझा तो पिवळा म्हणजे अशाच कुणा बाईचा घाईतला हात. नमुना ठरवणारा माणूस 1860 च्या दशकातला, त्याच्या डोळ्याला जे शोभतं ते त्यानं दिलं. फिका जांभळा बघून मला तर लगेच रसायनशास्त्रज्ञ पर्किन आठवला. 1856 मध्ये लंडनमध्ये त्यानं पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला आणि पुढच्या काही वर्षांत पॅरिस-लंडनच्या बायकांना त्या छटेचं वेडच लागलं. व्हेनिसमध्ये जांभळट कापड नव्हतंच असं नाही, पण हा फिका, गोडसर जांभळा मला तरी व्हेनिसचा वाटत नाही. त्याच पानाची दुसरी प्रत कुठे मिळाली तर तिच्यावर गाऊन हिरवाही निघेल. माझ्या पाहण्यात अशा जोड्या आल्या आहेत.

आता मूळ माणसाकडे जाऊ. चेझारे वेचेल्यो. थोर चित्रकार तित्सियानो वेचेल्यो, ज्याला आपण टिशियन म्हणून ओळखतो, त्याच्या नात्यातला आणि त्याच्याच चित्रशाळेत काम केलेला. त्यानं 1590 मध्ये व्हेनिसमध्ये जगभरच्या जुन्या-नव्या पोशाखांचं जाडजूड पुस्तक छापलं. त्यात चारशेहून जास्त लाकडी ठशांची चित्रं आणि प्रत्येकाभोवती नक्षीची चौकट. 1598 च्या दुसऱ्या आवृत्तीत चित्रं पाचशेच्या वर गेली. छापताना चित्रं काळी-पांढरीच होती. पण पहिल्या आवृत्तीत प्रत्येक चित्राशेजारी त्यानं लिहिलंय: कापड कुठलं, रंग कुठला, हे कोण घालतं, कधी घालतं, कुठल्या वयात सोडून देतं. तुला रंग हवे असतील तर रंगवलेल्या पानापेक्षा या मजकुरात शोध. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद झालाय, मूळ पानं जालावर फुकट बघायला मिळतात.

त्यातलं एक पान तुझ्या दिग्दर्शकांना नक्की दाखव. व्हेनिसच्या घरांवर लाकडी माच्या असत, त्यांना ‘अल्ताना’ म्हणतात. आजही काही घरांवर दिसतात. भर उन्हात बाई तिथे बसलेली. डोक्यावर गवताची टोपी, पण नुसता रुंद काठ, मधला भाग कापून टाकलेला. त्या भोकातून सगळे केस बाहेर काढून काठावर पसरलेले, म्हणजे केसांना ऊन लागावं आणि चेहरा सावलीत राहावा. हातात चातीसारखी काडी, तिच्या टोकाला स्पंज. स्पंज औषधी पाण्यात बुडवायचा, केस भिजवायचे, वाळू द्यायचे, पुन्हा भिजवायचे. केस सोनेरी व्हावेत म्हणून हा सगळा खटाटोप. तुमच्या नाटकात आई-मुलीचा एखादा निवांत प्रवेश असेल तर तो या माचीवर घडवता येईल. माझा जीव या पानावर जडलेला आहे, त्या बाईच्या चेहऱ्यावर कमालीचा संयम आहे.

तुझ्या तीन पात्रांसाठी वेचेल्योकडून थेट घेण्यासारखं बरंच आहे. मोठ्या घरची लग्नाची मुलगी रस्त्यावर मोकळ्या चेहऱ्यानं फिरत नसे, पांढऱ्या रेशमी बुरख्यासारख्या वस्त्रात झाकलेली असे. विधवा काळ्यात. बायकोसाठी किरमिजी घे, डोळे झाकून. किरमिजी रंग त्या काळी किड्यांपासून मिळायचा. आधी भूमध्य सागराच्या आसपासच्या ओकवरच्या किड्यांपासून, नंतर मेक्सिकोहून येणाऱ्या कोचिनील किड्यांपासून. खर्चिक काम, म्हणून श्रीमंतीची खूण. आणि काळा म्हणजे गरिबी किंवा फक्त सुतक असं समजू नका. गडद, न विटणारा काळा मिळवायला कापड पुन्हा पुन्हा रंगवावं लागे. सोळाव्या शतकात स्पेनच्या दरबारापासून व्हेनिसच्या उमरावांपर्यंत तो मोठ्या लोकांचा रंग होता.

विकत घेणाऱ्या मंडळींसाठी एक सावधगिरीची गोष्ट. वेचेल्योचं पुस्तक 1859-60 मध्ये पॅरिसचे प्रकाशक फर्मिन दिदो यांनी नव्यानं कोरून पुन्हा छापलं. त्यातली पानं सुटी करून, वर रंग चढवून विकली जातात आणि विकणारा सरळ ‘1590’ म्हणून सांगतो. मला स्वतःला एका दुकानात असं पान मूळ म्हणून दाखवलं गेलं होतं. कागद उजेडासमोर धरा. सोळाव्या शतकातल्या हातकागदात साच्याच्या तारांच्या समांतर रेघा दिसतात. गुळगुळीत, रेघा नसलेला कागद असेल तर तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाआधीचा असूच शकत नाही.

त्या काळातच रंगवलेली चित्रंही असतात, ती वेगळी गंमत. न्यूरेंबर्गमध्ये हान्स वायगेलनं 1577 मध्ये योस्ट अम्मानच्या चित्रांचं वेशभूषेचं पुस्तक काढलं, त्याच्या काही प्रती तेव्हाच हातानं रंगवल्या गेल्या. जर्मन शहरांत ठसे रंगवणाऱ्यांचा स्वतंत्र धंदाच होता. तिथला हिरवा बहुधा तांब्याच्या गंजाचा. तो काळाबरोबर तपकिरी होतो आणि कागदाला खातो. पानाच्या मागच्या बाजूला झग्याच्या आकाराचा करपल्यासारखा डाग उमटलेला दिसला की मला त्या पानाबद्दल एकदम आदर वाटायला लागतो.

आत काय घालायच्या याचं उत्तरही एका छापील चित्रातच आहे. पादुआच्या पिएत्रो बर्तेल्लीचं, 1588 च्या सुमाराचं. व्हेनिसची गणिका उभी आहे आणि तिच्या घागऱ्याच्या जागी कागदाची झडप आहे. झडप वर उचलली की आत गुडघ्यापर्यंतची तुमान आणि पायांत भल्यामोठ्या उंच खडावा. एक प्रत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. पण गणिकेची तुमान घरंदाज बाईला लगेच चढवू नकोस. तिला लांब पांढरा सदरा पुरे. फटींतून फुगून येणारं पांढरं कापड त्या सदऱ्याचंच.

शिवणकामाचं विनायकराव सांगतील, ते माझं क्षेत्र नाही.

विनायक_टेलर

शुभदाताईंनी बोलावलं म्हणून आलो. मृणालताई, मी नागपूरला नाटकांचे आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांचे कपडे शिवतो.

बाही शिवायची नाही, बांधायची. खांद्याशी चोळीला आणि बाहीला आयलेट, म्हणजे नाडी ओवायची भोकं, पाडा आणि नाडीनं बांधा, टोकाला धातूची टोपणं लावा. त्या काळी बाह्या स्वतंत्र असत, एकाच गाऊनवर वेगवेगळ्या बाह्या चढवत, आपल्याकडे एका साडीवर दोन-तीन ब्लाउज असतात तसं. तुम्हाला फायदा असा की पहिल्या अंकात एक जोड, दुसऱ्यात दुसरी, आणि प्रेक्षकाला नवा पोशाख वाटतो.

चोळीची दोरी आजच्या बुटासारखी फुलीफुलीनं ओवू नका. एकच दोरी, खालून वर तिरकी नागमोडी. चोळी ताठ राहायला कॅनव्हासचे दोन थर आणि मध्ये बुकरम, म्हणजे कडक अस्तराचं कापड. पुढच्या टोकात लाकडाची पातळ पट्टी सरकवा. त्या काळी अशीच पट्टी घालत. पण तुमच्या नटीला खाली बसायचं असेल तर पट्टी टोकाच्या थोडी वरच थांबवा, नाहीतर पोटात रुतते. घागऱ्याच्या चुण्या साध्या दुमडून नकोत. दोन-तीन समांतर धावदोरे घालून ओढा, म्हणजे बारीक उभ्या नळ्या पडतात. त्या एकेक करून चोळीच्या कडेला टाका. वेळ लागतो, पण घागरा कमरेपासून जसा फेकला जातो तसा दुसऱ्या कशानं फेकला जात नाही.

खऱ्या कपड्याचा आधार हवा असेल तर फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यात तिथली डचेस एलेओनोरा दि तोलेदो हिचा दफनाचा पोशाख आहे. ती 1562 मध्ये वारली. साटीनचा गाऊन, त्यावर मखमलीचे पट्टे, आत पुढून हुकांनी बंद होणारी लाल मखमली चोळी आणि लाल रेशमी विणीचे पायमोजे. थडग्यातून निघालेलं कापड, त्यामुळे जीर्ण झालंय, पण त्यावरून वेशभूषेच्या अभ्यासक जॅनेट अर्नोल्ड बाईंनी एकेका तुकड्याचं माप घेऊन कापाचे नकाशे काढले, ते 1985 च्या त्यांच्या पुस्तकात आहेत. मी त्यांच्याइतकं काटेकोर काम दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही. तुमच्या नाटकापेक्षा तीसएक वर्षं जुना आणि फ्लॉरेन्सचा पोशाख आहे, व्हेनिसचा नाही, म्हणून चोळीचा आकार तिथून घेऊ नका. पण कळ्या कशा जोडल्या, दोरी कुठे बसवली, हे तिथेच शिकता येईल.

उंच खडावांचं: व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात त्या ठेवल्या आहेत, काही जवळजवळ अर्धा मीटर उंच. तुमच्या नटीला तळहाताच्या अर्ध्या उंचीच्या पुरेत, थर्माकोल नको, हलकं लाकूड किंवा कॉर्क. त्या काळी बायका दोन्हीकडे दासी घेऊन, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालत. दिग्दर्शकांना हे सांगाच. व्यापाऱ्याची बायको रंगमंचावर एकटी येऊच शकत नाही, आणि तिची चाल आपोआप बदलते. गाऊनची लांबीही खडावा घालूनच मोजा.

प्रसाद_मडगाव

शिवणातलं मला कळत नाही, पण याच काळातली आमच्या गोव्याची चित्रं आहेत ती सांगतो. यान हॉयगेन फान लिन्स्कोटेन हा डच माणूस 1583 मध्ये गोव्यात आला, आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. परत गेल्यावर 1596 मध्ये ॲमस्टरडॅमला त्यानं आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं. त्याच्या चित्रांवरून फान दुतेकुम यांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरीव काम केलं. काही प्रती हातानं रंगवलेल्याही आहेत.

त्यात गोव्यातल्या पोर्तुगीज बायका आहेत. चर्चला जाताना मखमल आणि जरीचा पोशाख, दागिने, पालखी, सोबत दासी. पायांत सोन्या-चांदीचं काम केलेल्या सपाता, तळाला वीतभराच्या निम्मे जाड कॉर्क. विनायकराव सांगतात त्या व्हेनिसच्या खडावांचं हे पोर्तुगीज भावंड. आणि त्याच बायका घरी आल्या की अंगात ‘बाजू’ नावाचा तलम सदरा, इतका झिरझिरीत की अंग दिसावं, आणि कमरेला रंगीत नक्षीचं कापड गुंडाळलेलं. लिन्स्कोटेनला हे बघून धक्काच बसलेला दिसतो. गोव्याच्या उकाड्यात युरोपातल्या पोशाखाचं काय होतं हे मला तरी या चित्रांइतकं स्पष्ट कुठे दिसलं नाही.

मृणालताईंच्या नाटकात व्यापारी पूर्वेकडचा माल आणत असेल, तर त्याच्या घरात छापील सुती कापडाचा एखादा तुकडा ठेवायला हरकत नाही.

मृणाल_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंगानं पाहिलं. गालावर खरंच ठिपके आहेत, आणि कागद उजेडासमोर धरला तर रेघा अजिबात नाहीत. फिका जांभळा रद्द. दिग्दर्शकही तयार झालेत. आईसाठी किरमिजी सॅटिन आणलं, मुलीचं पांढरं वस्त्र ऑर्गन्झाचं करतेय. पुढून दोरी नागमोडी ओवून बघितली, फुलीपेक्षा चोळी सपाट बसते.

अडलंय ते नणंदेपाशी. काळं सुती कापड लाइटखाली नुसता काळा ठोकळा दिसतं, कापाचं काहीच दिसत नाही. शिवाय तिला दुसऱ्या अंकात एक माणूस आवडायला लागतो, तर तिच्या पोशाखात तिथे काही बदल करता येईल का? दागिना घातला तर चुकीचं होईल ना?

शुभदा_पुणे

काळ्यात काळा मिसळ. घागरा मंद, म्हणजे लोकरीसारखा दिसणारा, चोळी मखमलीची, बाह्यांना सॅटिनची पट्टी. त्या वेळचे चित्रकार काळ्या पोशाखाचं चित्र असंच करत, एकाच रंगात चमक कमी-जास्त करून. मानेशी आणि मनगटाशी सदऱ्याची पांढरी कड अगदी बोटभर दिसू दे, म्हणजे चेहरा आणि हात उठून येतील.

आणि दुसऱ्या अंकाची सोय वेचेल्योनंच करून ठेवलीय. तो लिहितो की व्हेनिसच्या विधवा दागिने घालत नाहीत आणि केस झाकून घेतात. पण जिला पुन्हा लग्न करायचंय तिनं एखादा फार डोळ्यांत न भरणारा दागिना घातला आणि केस जरासे उघडे ठेवले तर चालतं, त्यावरून लोकांना तिचा इरादा कळतो. तेव्हा पहिल्या अंकात तिचं काळं वस्त्र कपाळापर्यंत ओढलेलं ठेव, आणि दुसऱ्यात दोन बोटं मागे सरकव. त्यासाठी वस्त्र पिनांनी पक्कं करू नकोस, आतून एक पट्टी लाव, म्हणजे नटीला विंगेत क्षणात मागे घेता येईल. दागिना घातलाच तर बारीक मोत्याचं कानातलं, एवढंच.